घरी बांधलेल्या ॲम्पमध्ये ६व्ही६ काढून ईएल३४ किंवा ६एल६ लावता येतील का?

(तिन्ही पॉवर ट्यूब आहेत, म्हणजे गिटारच्या ॲम्पमध्ये स्पीकरला ताकद देणाऱ्या काचेच्या नळ्या.) ईएल३४ लावू नका. ६एल६ जमू शकतात, ते शेवटी सांगतो. तुमचा ॲम्प फेंडर कंपनीच्या डिलक्स ॲम्पच्या ५ई३ या आराखड्यावर घरी बांधलेला आहे आणि आठ पिनांचं सॉकेट तेच असल्यामुळे 'नुसत्या बदलून बघू का' असं तुम्ही विचारलंय. अगदी हेच शब्द माझ्या थोरल्या भावाचे होते, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

मीही ५ई३च बांधला होता. चेसिसला भोकं पाडण्यापासून शेवटच्या सोल्डरपर्यंत सगळं हातानं, चार महिने खपून. दादा गिटार वाजवतो, मी बांधतो. त्याचं ठाम मत की आवाज पॉवर ट्यूबमध्ये असतो, बाकी सगळं 'नुसतं लोखंड'. त्यानं ईएल३४ची जोडी मिळवली आणि मी घरी नसताना ६व्ही६ उपसून ती खोचली. मी आलो तेव्हा तो खूश होता, आणि खरं सांगतो, आवाज दांडगा वाटत होता. वीसेक मिनिटं. मग तापलेल्या वॉर्निशचा वास सुटला.

बंद करण्याआधी मीटर लावला. हीटरला, म्हणजे ट्यूब तापवणाऱ्या तारेला, ६.३ ऐवजी ५.६ व्होल्ट. प्लेटचे (ट्यूबच्या धन टोकाचे) साडेतीनशे व्होल्ट तीनशेवर बसलेले. कॅथोडवर (ऋण टोकावर) २७ व्होल्ट, आणि तिथला कपॅसिटर २५ व्होल्टचा. तो फुगला होता. पॉवर ट्रान्सफॉर्मरला हात लावता येत नव्हता. आठवड्याभरात त्याची गुंडाळी शॉर्ट झाली.

कारण हीटरच्या हिशोबात आहे, आणि तो कुणी करत नाही. एक ६व्ही६ हीटरला ०.४५ अँपिअर घेते. दोन पॉवर ट्यूब आणि दोन प्रीॲम्प ट्यूब (गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या छोट्या ट्यूब) मिळून १.५ अँपिअर. एकटी ईएल३४ तेवढे घेते! जोडी आणि प्रीॲम्प मिळून ३.६. माझ्या ट्रान्सफॉर्मरची हीटरची गुंडाळी होती २.५ अँपिअरची.

आणि एवढं करून मिळालं काय? २७ व्होल्टला कॅथोडच्या २५० ओहमनं भागा, १०८ मिलिअँपिअर येतात. म्हणजे दर ट्यूबला ५४. प्लेट ते कॅथोड २७३ व्होल्ट, म्हणजे स्क्रीनचा (ट्यूबच्या आतल्या एका जाळीचा) वाटा धरूनही दर ट्यूबमागे पंधरा वॉटच्या आत. ईएल३४ची मर्यादा २५ वॉटची. ट्यूब निवांत होत्या आणि ट्रान्सफॉर्मर भाजून निघत होता. वर आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकर यांच्या मधला) ८ हजार ओहमचा, जो ६व्ही६च्या जोडीला योग्य आहे. ईएल३४च्या जोडीला साधारण ३.४ हजार लागतात.

पिन १ची गोष्ट वेगळीच. ६व्ही६जीटीत ती रिकामी असते, म्हणून पुष्कळ बांधणारे तिथे ग्रिड स्टॉपरचं (सिग्नलच्या वाटेतल्या रेझिस्टरचं) टोक टेकवतात. मीही टेकवलं होतं. ईएल३४मध्ये त्याच पिनवर सप्रेसर ग्रिड (ट्यूबच्या आतली आणखी एक जाळी) येते आणि ती पिन ८ला, म्हणजे कॅथोडला, जोडायची असते. आमच्याकडे ती सिग्नलवर लटकली होती. सॉकेटात बसली म्हणजे ट्यूब चालली, असं होत नाही.

दादाचा हुकमी मुद्दा मार्शल कंपनीच्या ॲम्पचा. १९६२ मध्ये फेंडर बासमनचा ५एफ६-ए आराखडा समोर ठेवून जेटीएम४५ बांधला गेला. त्यात पॉवर ट्यूब आधी ५८८१, मग केटी६६, आणि पुढच्या मार्शलमध्ये ईएल३४. 'बघ, ट्यूब बदलल्या आणि आवाज बदलला.' अरे, पण बाकी काय काय बदललं तेही बघ ना. बासमनमध्ये मागून उघड्या पेटीत दहा इंची चार जेन्सन स्पीकर होते, मार्शलनं बंद पेटीत बारा इंची चार सेलेशन घातले. पहिली प्रीॲम्प ट्यूब १२एवाय७ होती, तिथे जास्त गेनची ईसीसी८३ आली. ट्रान्सफॉर्मर वेगळे. या सगळ्यातून एकट्या पॉवर ट्यूबला श्रेय देणं मला आजही पटत नाही. ज्याला तो लोखंड म्हणतो, त्यावर निम्मा आवाज ठरतो.

नवा ट्रान्सफॉर्मर बसवल्यावर मी ६व्ही६ परत लावल्या आणि फक्त स्पीकर बदलला: ९७ डेसिबलचा काढून १०० डेसिबलचा. हा तीन डेसिबलचा फरक ट्यूबमधून काढायचा तर ॲम्पची वॉट दुप्पट करावी लागली असती. दादानं दोन गाणी वाजवली आणि ॲम्प न विचारता स्वतःच्या खोलीत नेला. वाद मात्र त्यानं सोडलेला नाही.

आता ६एल६. जोडी आणि प्रीॲम्प मिळून हीटरला २.४ अँपिअर, वर पॅनेलचा दिवा. गुंडाळी ३ अँपिअरची असेल तरच हात घाला. आठ ओहमच्या आउटपुटला चार ओहमचा स्पीकर लावा, म्हणजे ट्यूबना ८ऐवजी ४ हजार ओहम दिसतील आणि ते ६एल६ला मानवतात. कॅथोडचा कपॅसिटर ५० व्होल्टचा करा, रेझिस्टर १० वॉटचा. ५वाय३ ही रेक्टिफायर ट्यूब (एसीचं डीसी करणारी) सव्वाशे मिलिअँपिअरपर्यंतच देते, आणि तुम्ही त्या काठावर असाल. तिच्या जागी जीझेड३४ ही दुसरी रेक्टिफायर लावलीत तर व्होल्टेज चढेल, आणि मग कधी ६व्ही६ परत लावल्या तर त्या भाजतील, कारण ५ई३मध्ये त्या मुळातच १२ वॉटच्या मर्यादेला खेटून चालतात. ६एल६नं आवाज थोडा मोठा होईल आणि उशिरा फाटेल, म्हणजे डिस्टॉर्ट होईल. ५ई३ लोक लवकर फाटतो म्हणूनच बांधतात, याचा विचार तुम्ही करा.

हे आधीच लिहायला हवं होतं: प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहतात आणि ते जीव घेऊ शकतात. रेझिस्टरमधून रिकामे करा, मीटरनं खात्री करा, मगच आत हात. स्पीकर न जोडता चालू करू नका. आणि तुमचा ॲम्प कॅथोड बायसचा (ट्यूबचा प्रवाह कॅथोडच्या रेझिस्टरवर ठरणारा) नसून फिक्स्ड बायसचा (वेगळ्या ऋण व्होल्टेजवर ठरणारा) असेल, तर वरचे कॅथोडचे आकडे तुम्हाला लागू नाहीत.

पॉवर ट्रान्सफॉर्मरवर हीटरच्या गुंडाळीचा आकडा काय आहे ते कळवा, मग ६एल६चं पुढचं बोलू.