'माजी बिशप' असे लिहावे का?

एका वाचकाचा प्रश्न असा : दक्षिण आफ्रिकेतले वर्णभेदविरोधी ख्रिस्ती धर्मनेते डेस्मंड टुटू यांच्याविषयीच्या मराठी मजकुरात कुठे 'धर्मगुरू', कुठे 'बिशप', कुठे 'आर्चबिशप', तर कुठे 'माजी आर्चबिशप' आढळते. हे शब्द समानार्थी आहेत का? आणि बरोबर कोणता?

समानार्थी नाहीत. टुटू ज्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चमधून निघालेल्या) परंपरेतले, तिच्यात दीक्षा तीनच : डीकन (सहायक), प्रीस्ट (पुरोहित) आणि बिशप (पुरोहितांवरचा अधिकारी). आर्चबिशपसह बाकी सगळी पदे. टुटू १९६० साली डीकन झाले, १९६१ साली प्रीस्ट. त्याआधी ते शाळामास्तर होते. कृष्णवर्णीय मुलांना मुद्दाम निकृष्ट शिक्षण देणारा बांटू शिक्षण कायदा १९५३ साली आला आणि त्याच्या निषेधार्थ त्यांनी ती नोकरी सोडली. १९७५ साली ते जोहान्सबर्गचे डीन झाले. आपल्याकडे 'डीन' म्हटले की वैद्यकीय महाविद्यालय आठवते, पण इथे अर्थ कॅथीड्रलचा प्रमुख पुरोहित. हे पद मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय. गोऱ्यांच्या वस्तीतले डीनचे घर न घेता ते सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत राहिले. दीक्षेने मात्र ते अजून प्रीस्टच होते. बिशपपदाची दीक्षा झाली १९७६ साली, शेजारच्या लेसोथो देशासाठी.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो पुढच्या दहा वर्षांबद्दल. 'आर्चबिशप टुटू यांना १९८४ मध्ये नोबेल मिळाले' हे वाक्य वारंवार वाचायला मिळते. ऑक्टोबर १९८४ मध्ये पारितोषिक जाहीर झाले तेव्हा ते आर्चबिशप नव्हते, जोहान्सबर्गचे बिशपही नव्हते. ते दक्षिण आफ्रिकन चर्च परिषदेचे सरचिटणीस होते. पण बिशप होतेच, कारण लेसोथोचे पद १९७८ साली सोडले तरी दीक्षा सुटत नाही. म्हणून 'बिशप टुटू यांना नोबेल' हेच नेमके. १९८५ साली त्यांनी जोहान्सबर्गच्या बिशपपदाची सूत्रे घेतली आणि १९८६ साली ते केपटाउनचे आर्चबिशप झाले.

इथे क्रियापदही जपून वापरावे. त्यांना 'बढती' मिळाली नाही आणि पोपने 'नेमले' तर मुळीच नाही, कारण अँग्लिकन चर्च पोपच्या अधिकारात येत नाही. केपटाउनला ते निवडून आले. 'केपटाउनचे आर्चबिशप' म्हणजे एका शहराचे प्रमुख असेही नव्हे. लेसोथो, नामिबिया, मोझांबिकमधले अँग्लिकनही त्यांच्याच चर्च-प्रांतात होते.

मराठी प्रतिशब्दाचे काय? 'बिशप' ज्यातून आला त्या ग्रीक 'एपिस्कोपोस'चा अर्थ देखरेख करणारा. मराठी बायबलात, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, त्यासाठी 'अध्यक्ष' योजला आहे. शब्द सुरेख आहे, पण आज तो सभा-समित्यांनी पुरता व्यापला आहे. शिवाय टुटू पुढे वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाचेही अध्यक्ष होते. वाचकाने कोणता अध्यक्ष समजायचा? 'धर्मगुरू' इतका सैल आहे की त्यात पोपपासून गावच्या फादरपर्यंत सगळे मावतात. माझे मत स्पष्ट आहे : 'बिशप' आणि 'आर्चबिशप' हेच लिहावेत. मराठी ख्रिस्ती समाज 'बिशप' रोज वापरतोच. भारतातल्या बहुतेक अँग्लिकन मंडळ्यांपुरता मात्र 'आर्चबिशप' वापरू नये. उत्तर भारतातल्या अँग्लिकन मंडळ्या १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाल्या आणि तिथला प्रमुख 'मॉडरेटर' असतो.

राहिला 'माजी'. मंत्री माजी होतो, कारण मंत्रिपद जाते. बिशपची दीक्षा मरेपर्यंत राहते, म्हणून 'माजी बिशप' चूक. १९९६ साली टुटू पदावरून निवृत्त झाले आणि 'आर्चबिशप एमेरिटस' (निवृत्तीनंतरही उपाधी राखणारा) हा बहुमान त्यांना मिळाला. २६ डिसेंबर २०२१ रोजी ते वारले, त्या बातमीत 'केपटाउनचे निवृत्त आर्चबिशप' असे लिहिणे अचूक ठरले असते.