व्हिम्सिकॉट पहिल्याच टर्नला मरत असेल तर

भो, पोकेमॉन गेमच्या डबल्समध्ये (दोन्हीकडून दोन-दोन पोकेमॉन) तू व्हिम्सिकॉट या पोकेमॉनला अटॅकरसारखं खेळवतोय म्हणून ते मरतंय. एचपी (म्हणजे जीव) 60, डिफेन्स 85, मार खायची अपेक्षाच नको त्याच्याकडून, स्पीड 116 आणि प्रँकस्टर (थेट न मारणाऱ्या चाली आधी लावणारी ॲबिलिटी) हीच खरी ताकद, म्हणजे टेलविंड (आपल्या बाजूचा स्पीड दुप्पट), एन्कोर (समोरच्याला मागचीच चाल परत करायला लावणं) सगळं आधी पडतं. फोकस सॅश हा आयटम दे, फुल एचपी असेल तर एका फटक्यातून वाचतं, पण समोरच्या दोघांनी मिळून मारलं की सॅश काहीच करत नाही.

आता समोरचा इन्सिनरोर पोकेमॉन. धुळे-जळगावकडची आपली पोरं बघावं तेव्हा तोच घेऊन येता. त्याचा फेक आउट (समोरच्याला त्या टर्नला अडवणारा फटका) टेलविंडच्याही आधी लागतो, टर्न जातो, सॅशही जातो, आणि डार्क टाइप असल्यानं त्याच्यावर प्रँकस्टरचा एन्कोर चालतच नाही. तो दिसला की पहिल्या टर्नला सरळ प्रोटेक्ट (त्या टर्नचा मार अडवणारी चाल) दाब, फेक आउट मैदानात आल्या आल्या पहिल्याच टर्नला चालतो, मग तो परत आत-बाहेर केल्याशिवाय नाही.

टेलविंड लावलेला टर्न धरून 4 टर्नच टिकतो, म्हणून शेजारी जोरात मारणारा पार्टनरच पाहिजे भो, दुसरा सपोर्ट नको. टेलविंड लागल्यावर व्हिम्सिकॉट मेलं तरी घाबरू नको, त्याच्या जागी ताजा अटॅकर फुकटात उतरतो.