मुदत १४ मार्चपासून मोजा, सर

सर,

कस्टम्सने तुमचे जीवाश्म जप्त केल्याच्या आदेशाविरुद्ध अपील करण्याबद्दलचं तुमचं पत्र सहा पानांचं आहे. पाच पानं जीवाश्मांवर आहेत आणि ती मी आवडीने वाचली. पण ज्या ओळीवर तुमचं सगळं प्रकरण उभं आहे ती शेवटच्या पानाच्या तळाशी, जाता जाता लिहिल्यासारखी आहे: ‘आदेश मी २७ मार्चला वाचला, म्हणजे साठ दिवस काल संपले. एका दिवसाचं काय, सांभाळून घेतील ना?’

साठ दिवस काल संपलेले नाहीत. ते १३ मेलाच संपले. तुम्ही पुण्याला मुलीकडे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी गेला होतात तेव्हा, १४ मार्चला, तुमच्या थोरल्या सुनेने पोस्टमनकडून आदेश घेतला आणि सही केली. हे तुम्हीच लिहिलं आहे. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम १५३ प्रमाणे सोबत राहणाऱ्या घरातल्या प्रौढ माणसाच्या हाती आदेश दिला, तर तो तुम्हालाच दिल्यासारखा धरला जातो. पाकीट तेरा दिवस देवघरातल्या फडताळात पडून होतं, याला कायद्याच्या लेखी किंमत नाही.

आता कलम १२८ बघा. अपील साठ दिवसांत करायचं. पुरेसं कारण दाखवलंत तर आयुक्त (अपील्स) आणखी तीस दिवसांपर्यंतचा उशीर माफ करू शकतात. त्यापुढे त्यांना अधिकारच नाही, मग कारण कितीही खरं असो. १४ मार्चपासून नव्वदावा दिवस १२ जूनला येतो. तुमच्या हिशेबाने तो २५ जून आहे. त्या हिशेबावर विसंबून २० जूनला गेलात, तर तुमच्या दगडांबद्दल कोणी एक शब्दही ऐकून घेणार नाही.

उच्च न्यायालयात रिट याचिका करू, असं तुमच्या शेजाऱ्यांनी सुचवलं आहे. त्यांना सांगा, हीच साठ अधिक तीसची भाषा उत्पादनशुल्क कायद्यातही होती आणि सिंग एंटरप्रायझेस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीस दिवसांपुढचा दरवाजा बंद केला. २०२० साली ग्लॅक्सो स्मिथक्लाइनच्या निकालात तर त्याच न्यायालयाने म्हटलं की कायद्याने दिलेली कमाल मुदत उलटल्यावर उच्च न्यायालयानेही अशी रिट सहसा दाखल करून घेऊ नये. पर्वरीच्या उच्च न्यायालयाची वाट धरायची वेळ येऊ देऊ नका.

इतर वाचकांसाठी दोन वाक्यं. हे गोव्यातल्या साखळी गावचे निवृत्त विज्ञानशिक्षक आहेत. तीस वर्षं जमवलेल्या जीवाश्मांपैकी तेवीस नग त्यांनी लिस्बनला मुलाकडे पाठवलेल्या पार्सलमध्ये काजू आणि कोकमांसोबत ठेवले आणि फॉर्मवर ‘शोभेचे दगड’ लिहिलं. कस्टम्सने पार्सल अडवलं, कारणे दाखवा नोटीस आली, तिला सरांनी उत्तर दिलं नाही, आणि आदेशात नग जप्त होऊन वीस हजारांचा दंड बसला. समया, पोर्तुगीज अमदानीतली नाणी, आजोबांची पोथी, अशा वस्तूंसाठी याच धर्तीची पत्रं मला नेहमी येतात. उत्तर न दिलेली नोटीस त्या प्रत्येकात असते. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिका कोरी दिली तर तुम्ही काय करत होता, सर?

आदेशानंतर तुम्ही त्याच अधिकाऱ्याला दोन विनंती अर्ज पाठवलेत. त्यांनी मुदत थांबत नाही. तरी विलंब माफीच्या अर्जात त्यांचा उल्लेख करा, कारण तुम्ही गप्प बसला नव्हता, चुकीच्या दारात उभे होता, हे त्यातून दिसतं. डोळ्यांचे कागद जोडा, पण मार्चमधल्या शस्त्रक्रियेने मेचा उशीर समजावू नका. खोटं आजारपण तर अजिबात लिहू नका. जे घडलं ते तारखांसह लिहा.

अपील नमुना सी.ए.-१ मध्ये, दोन प्रतींत, आदेशाची प्रत जोडून. दंडाच्या साडेसात टक्के रक्कम आधी भरावी लागते. तुमच्या बाबतीत १,५०० रुपये. ती न भरता दिलेलं अपील विचारातच घेतलं जात नाही. कुठे दाखल करायचं ते आदेशाच्या सुरुवातीलाच छापलेलं असतं. पावसाळा तोंडावर आहे, टपालावर सोडू नका, माणूस पाठवा आणि पोच घ्या. १२ तारखेला सुट्टी आली तर पुढचा दिवस मिळेल, असा हिशेब माफीच्या तीस दिवसांत करू नका.

खरा वाद काय आहे? आदेशात तुमचे नग ‘पुरावस्तू’ मानले आहेत. पुरावस्तू आणि कलासंपत्ती कायदा १९७२ च्या कलम ३ प्रमाणे पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पण त्या कायद्याच्या व्याख्येत ‘जीवाश्म’ हा शब्द नाही. शंभर वर्षांची अट आहे, आणि गतकाळातलं विज्ञान, कला, धर्म, चालीरीती दाखवणाऱ्या वस्तू असं शब्दांकन आहे. माणूस जन्माला येण्याच्या कोट्यवधी वर्षं आधीचा शंख त्यात बसतो का? माझ्या मते बसू नये. निकाल तसाच लागेल असं मात्र मी सांगणार नाही. आदेशात एक गोष्ट शोधा: वस्तू पुरावस्तू आहे की नाही हे कलम २४ खाली पुरातत्त्व महासंचालक किंवा त्यांनी नेमलेले अधिकारी ठरवतात. तसं मत घेतलेलं नसेल तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच. पार्सल बांधण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला तुम्ही घेतला असता, तर हे सगळं टळलं असतं. ‘शोभेचे दगड’ हे शब्द वेगळे नडतील. चुकीच्या वर्णनाचा मुद्दा पुरावस्तूचा मुद्दा जिंकूनही उरू शकतो.

नोटीस जप्तीपासून सहा महिन्यांत आली होती का? तारीख तुम्ही दिलेली नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम ११०(२) प्रमाणे उशीर झाला असेल आणि मुदत वाढवलेली नसेल, तर नग परत मागता येतात. दंडाची कारवाई त्याने आपोआप पडत नाही.

तुमच्या वहीबद्दल. तमिळनाडूतल्या अरियलूरच्या चुनखडीच्या खाणींतले अमोनाईट (नामशेष सागरी प्राण्यांचे शंख), सिंधुदुर्गात जांभ्याखालच्या चिकणमातीतून आलेलं कोळसा झालेलं लाकूड, प्रत्येक नगाला ठिकाण आणि तारीख. ही वही तुमची सगळ्यात मोठी साक्षीदार आहे. गोव्यातल्या चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्याच्या, खाणीत अमोनाईट मिळत नाही. आपले खडक त्याहून कितीतरी जुने, दाबाने आणि उष्णतेने बदललेले, आणि चिरा म्हणजे त्यांची झीज. त्यामुळे ‘आणले कुठून’ हा प्रश्न येणारच. मुकादमाने तोंडी ‘घ्या’ म्हटलं, हे खाणपट्टेदाराचं संमतीपत्र होत नाही. १९५७ च्या खनिज कायद्यात विनापरवाना खनिज वाहून नेणं आणि साठवणं गुन्हा आहे. टाकाऊ ढिगातला शिंपला खनिज ठरतो का, यावर मी पैज लावणार नाही. न्यायालय अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच दखल घेतं, एवढा आधार आहे.

एकाच गोष्टीची मला खरोखर काळजी वाटते. यादीत ‘प्रवाळ, ३ नग’ आहे. कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. ते खडकातलेच आहेत, आजच्या समुद्रातले नाहीत, हे गोवा विद्यापीठातल्या भूविज्ञानाच्या एखाद्या अध्यापकाकडून लेखी घ्या. आजच विचारा.

नवा कायदा तुमच्या आड येतो का, असंही विचारलंत. भूवारसा स्थळं आणि भूअवशेष (खडक, जीवाश्म वगैरे) यांचं विधेयक डिसेंबर २०२२ मध्ये मसुदा म्हणून सूचनांसाठी बाहेर आलं. मसुद्यावरून कोणाला दंड होत नाही.

घरातल्या उरलेल्या पेट्या जिथे आहेत तिथेच राहू द्या. विकू नका, वाटू नका, धुऊ नका, लेबलं बदलू नका. पुढे संग्रह एखाद्या संस्थेला द्यायचा तुमचा विचार मला फार पटला, पण तो अपिलाचा निकाल लागल्यावर. आयुक्तांनी शक्य असेल तिथे सहा महिन्यांत निर्णय द्यावा असं कायदा म्हणतो. ‘शक्य असेल तिथे’ या तीन शब्दांत माझ्या अशिलांची वर्षं गेली आहेत. तुमचा एक दिवस मोजला जातो, त्यांचे मोजले जात नाहीत, याचा मला आजही राग येतो.

उद्या सकाळी कस्टम्सची कामं करणाऱ्या वकिलाकडे जा. मूळ आदेश, तो आला ते पाकीट, नोटीस, पंचनामा आणि दोन्ही अर्जांच्या पोचा घेऊन जा. सूनबाईंना सोबत न्या, सहीच्या तारखेबद्दल त्यांनाच विचारतील. वहीची छायाप्रत द्या, मूळ वही हातातून सोडू नका.