उकरू दे की त्याला!

टोरांटोहून एका आईचं पत्र आलंय. आमच्या बेळगावकडच्या खानापूरची लेक, त्यामुळे तिला ‘तुम्ही’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. ती लिहिते, ‘‘पाच वर्षांच्या मुलाला बागेची गोडी लागावी म्हणून गाजर पेरलं. तो रोज उकरून बघतो. समजावलं, रागावले. आता म्हणतो, मला बागच नको.’’

अगं, गोडी लागली होती की! तू घालवलीस. उकरणं हीच त्याची बाग.

चूक पोराची नाही, गाजराची. उगवायलाच दोनेक आठवडे घेतं आणि मुळाला धक्का लागला की वेडंवाकडं वाढतं. मुळा पेर. तीन-पाच दिवसांत अंकुर, महिन्याभरात ताटात. आणि खरी मजा हवी तर बटाटा. तळाला भोकं पाडलेली 20 लिटरची बादली, खाली वीतभर माती, त्यात डोळे फुटलेला, म्हणजे कोंब आलेला, एक बटाटा. तुमच्याकडे मे महिन्यात दंव संपलं की लाव. रोप वाढेल तशी वरून माती घालत जायची. फुलं आली की त्याला मातीत हात घालून चाचपू दे. एखादा कोवळा बटाटा काढला म्हणून झाड रुसत नाही. पानं पिवळी पडून वाळली की बादली पालथी! हिरवे पडलेले बटाटे मात्र टाकून द्यायचे. फुलांनंतर कधीकधी टोमॅटोसारखी बारीक फळं धरतात, ती विषारी. त्यांना तोंड लावू देऊ नको.

उचगावकडच्या आमच्या शेतात मी रताळ्याचा वरंबा असाच उकरायची. बाबा ओरडले की आज्जी म्हणायची, ‘‘बघू दे की, रताळं काय पळून जातंय?’’ एवढं असून इकडे आल्यावर मी थोरलीच्या हातावर चापट मारली. कशासाठी, तर पेरणीची ओळ मोडली म्हणून! आज 24 वर्षांची आहे, कुंडीला पाणीसुद्धा घालत नाही. धाकट्याला मुकाट्यानं बादली दिली. तो अजून दर वसंतात फोन करून विचारतो, ‘‘आई, बटाट्याला डोळे फुटले का?’’

पत्रातल्या तुझ्या बाकीच्या प्रश्नांचं थोडक्यात. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन दोघांनी वेचा. खताचं दुकानात विचार. ‘सासूबाई म्हणतात कपडे मळतात’ म्हणतेस, पण त्या नंदगडच्या ना? जन्मभर लाल मातीचे डाग धुतलेत त्यांनी, टोरांटोच्या मातीचं त्यांना काय मोठंसं!