पंप बंद पडला तरी मासे जगले पाहिजेत

प्रश्न : आमच्या मागील दारी दिरांनी हौसेने बांधलेलं धबधब्याचं सिमेंटचं टाकं आहे. लांबी 8 फूट, रुंदी 5, खोली दीड फूट. वर रचलेल्या दगडांवरून पाणी पडतं, मोटर संध्याकाळी तासभर लावतो. शेवाळ धरलं की थोडा मोरचूद टाकतो. एका बाजूला पोफळी, दुसरीकडे हापूसचं कलम. दुपारी ऊन थेट येतं, मे महिन्यात पाणी कोमट होतं. आता त्यात मासे पाळायचे आहेत. दोनदा गप्पी आणून सोडले, दोन्ही वेळा सकाळी मेलेले दिसले. मुलगा म्हणतो कोई आणूया. काय करावं? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : ताई, तुमचे गप्पी उन्हाने मेले नाहीत, मोरचुदाने मेले. मूठभर गप्पी दीड फूट स्वच्छ पाण्यात एका रात्रीत गुदमरत नाहीत. ते पृष्ठभागाला तोंड लावून तग धरतात. मोरचुदातलं तांबं मात्र माशांच्या कल्ल्यांवर घाला घालतं, आणि आपल्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ असल्यामुळे त्याचा विखार आणखी वाढतो. पाणी बदललं तरी तांबं तळाच्या गाळात आणि शेवाळात राहतं. म्हणून टाकं पूर्ण उपसा, गाळ खरवडून काढा, भिंती ब्रशने घासा. तो गाळ पोफळींच्या आळ्यात टाकू नका, व्हाळात, म्हणजे ओढ्यात, तर मुळीच नको.

आता उन्हाचं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 32 अंशांना सव्वासातच्या आसपास. म्हणजे पाणी तापलं की प्राणवायू कमी होतो, आणि नेमकी त्याच वेळी माशांची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात. त्यात शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री स्वतःच तो वापरतात. सगळ्यात कठीण वेळ पहाटेची. तुम्ही मोटर संध्याकाळी लावता, माशांना ती मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत हवी. दुपारी तर बंदच ठेवा, कारण तापलेल्या दगडांवरून उतरणारं पाणी आणखी गरम होतं, आणि आपल्या दमट हवेत बाष्पीभवनाचा थंडावाही फारसा मिळत नाही.

पण मोटरीवर विसंबून तळं आखू नका, हे मी प्रत्येकाला कळवळून सांगते. पहिल्या वळवाला वीज जाते ती कधी येईल याचा नेम नसतो. पंप रात्रभर बंद राहिला तरी मासे सकाळी पोहताना दिसले पाहिजेत. त्यासाठी खोली, सावली आणि मोजके मासे, एवढंच लागतं.

तुमच्या टाक्यात आज 60 घनफूट, म्हणजे सुमारे 1700 लिटर पाणी आहे. खाली कातळ असेल तर खोदायच्या भानगडीत पडू नका. चिऱ्याचे, म्हणजे जांभ्याच्या दगडाचे, थर चढवून काठ दीड फुटाने वाढवा. खोली तीन फूट आणि पाणी 3400 लिटर होईल. तळाचा थर दुपारीही गार राहील. चिरा पाणी पितो, तेव्हा आतून वॉटरप्रूफिंगचा गिलावा हवाच. नव्या गिलाव्यातून चुना सुटतो आणि पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, 10 च्याही वर नेतो. टाकं भरून आठवडाभर ठेवायचं, उपसायचं, असं निदान तीनदा करा. पीएच मोजायच्या पट्टीवर तो साडेआठच्या खाली आला की मगच पुढचं. कालवांच्या नाहीतर तिसऱ्यांच्या शिंपा स्वच्छ धुऊन जाळीच्या पिशवीत भरा आणि धबधब्याच्या वाटेत ठेवा. मऊ पाण्याचा पीएच पुढे अचानक घसरतो, त्याला त्या आवर घालतात.

सावलीसाठी दुपारच्या उन्हाच्या बाजूने माडाच्या झापांचा छोटा मांडव घाला. कुंडीतलं कमळ तळाशी ठेवा आणि पानांनी निम्मं पाणी झाकू द्या. त्यापेक्षा जास्त नको.

कोई नको, ताई. तो थंड पाण्यातल्या कार्प कुळातला मासा, दीड-दोन फुटांचा होतो. त्याला दर माशामागे हजारेक लिटर पाणी लागतं. रोहू, कटला टाक्यात नकोत. चिलापी तर काही महिन्यांत टाकं पिलांनी भरून टाकेल. गप्पी किंवा मॉली ठीक. माझी आवड विचाराल तर आपल्याच खाचरांत, विहिरींत वरच्यावर फिरणारे, डोक्यावर चकचकीत पांढरा ठिपका असलेले छोटे मासे. डासांच्या अळ्या ते आवडीने खातात आणि उकाड्याला सरावलेले असतात. त्यांचं सौंदर्य काठाशी बसून बघण्यासारखं आहे.

पाणी तयार झालं की आधी पाच-सहाच सोडा. विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू दगडांवर वाढायला महिना-दीड महिना लागतो, आणि गरम, जास्त पीएचच्या पाण्यात अमोनिया अधिक जहाल असतो. तोवर एक दिवसाआड चिमूटभर खाणं. घरातल्या मुलांना पावाचे तुकडे टाकू देऊ नका. पुढे वीस-पंचवीसवर थांबा.

पोफळी आणि कलमाची मला खरी धास्ती आहे. पोफळीच्या कोळेरोगावर, म्हणजे सुपारी गळवणाऱ्या रोगावर, बोर्डो मिश्रण मारतात, त्यात 100 लिटर पाण्याला किलोभर मोरचूद असतो. मोहोरावर फवारतात त्यातली पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना थेंबभरानेही मारतात. फवारणीवाले यायच्या आधी टाक्यावर प्लास्टिक ताणा, पंप बंद करा, आणि झाडाखालचं धुवणीचं पाणी टाक्यात वाहून येणार नाही असा काठाभोवती चर काढा.

पावसाळ्यात टाकं भरून वाहणारच. काठाखाली चार बोटांवर जाड पाइप बसवा, तोंडाला बारीक जाळी लावा, आणि ती रोज पाल्यातून मोकळी करा. पिलं वाढली तर शेजाऱ्यांच्या पिंपात द्या. विकतचे गप्पी, मॉली व्हाळात सोडू नका. पाण्याची शंका आली तर रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे जाऊन विचारा.