तिरंगा चितेवर का ठेवू दिला नाही?

प्रश्न : आमच्या गावच्या पोराला गेल्या महिन्यात काश्मीरमध्ये वीरमरण आलं. बातमी आली त्या रात्री गावात एक चूल पेटली नाही, पोरांनी जेसीबी आणून माळावरची जागा सपाट केली, बायांनी वेशीपासून त्याच्या दारापर्यंत रांगोळ्या काढल्या, वाड्यावस्त्यांवरनं माणसं ट्रॅक्टर भरभरून आली. सगळं मानानं झालं पण अग्नी द्यायच्या आधी जवानांनी पेटीवरचा तिरंगा काढला, घडी घातली आणि त्याच्या बायकोच्या हातात दिला. चुलते म्हणत होते, राहू दे की पोराच्या अंगावर. लोकंही चिडली. नियम काय आहे?
— एक वाचक, खटाव तालुका

उत्तर : चुलत्यांचं मन कळतं हो, पण जवानांनी केलं तेच बरोबर. भारतीय ध्वजसंहिता 2002 मध्ये हे स्पष्ट आहे, अशा अंत्यविधीला तिरंगा पेटीवर घालायचा, केशरी पट्टा डोक्याकडं, पण तो ना कबरीत उतरवायचा ना चितेवर जाळायचा. त्यामुळं तो काढून घेण्यात अपमान नाही, उलट तोच घरी राहतो. आमच्या नात्यातल्या एका घरी तो घडी केलेला तसाच लोखंडी ट्रंकेत आहे, आजी दर दिवाळीला काढते, पुसते आणि परत ठेवते, उलगडत मात्र नाही.

आपल्या साताऱ्यात हे दुःख नवं नाही. अपशिंगे मिलिटरी या गावचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. तेव्हा परमुलखात पडलेल्याचा देह गावी यायचाच नाही, घरच्यांना कळायचं ते कागदावरनं. आज देह दारात येतो म्हणून गाव एवढं धावतं, रस्ता करतं, आलेल्यांना चहापाणी बघतं, आणि ते बघून खरंच भरून येतं.

पण एक सांगतो, राग मानू नका. अशाच एका अंत्यविधीला मी स्वतः होतो, मोबाईल वर धरलेल्या पोरांचं असं कडं झालं की त्याची आई मागं राहिली, दोन बायांनी तिला धरून ‘वाट द्या, वाट द्या’ करत पुढं नेली तोवर पुष्पचक्रं वाहायची पाळी आलेली. आणि रस्त्यात पुढाऱ्यांचे फ्लेक्स, जवानाचा फोटो एवढाएवढासा! तर पुढच्या वेळी (येऊ नये ती वेळ) तालमीतल्या दहा पोरांनी नुसता दोर धरून घरच्यांपुरती जागा मोकळी ठेवावी, जेसीबीइतकंच ते काम आहे. हवेत फैरी झाडल्या की बारकी पोरं पुंगळ्या गोळा करायला पळतात तेही आवरा, हवालदाराला त्या मोजून परत न्यायच्या असतात.

प्रश्न : गावच्या कमानीवर ‘शहीद’ लिहायचं ठरलंय, पण एक जण म्हणतो सरकारी कागदात हा शब्दच नसतो. खरं का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : खरंय. लष्कराच्या कागदात ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (म्हणजे लढाईत मृत किंवा जखमी झालेला) असतं, शहीद हा अधिकृत शब्द नाही, 2017 मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढं सरकारनंच तसं सांगितलं. कमान गावची, तिच्यावर खुशाल लिहा. फक्त वीरपत्नीचा अर्ज सैनिक कल्याण कार्यालयात देताना आर्मीच्या पत्रात जो शब्द आहे तोच उतरवा, आणि तालुक्यातला एखादा माजी सैनिक बरोबर न्या, त्याला ते कागद बरोबर कळतात.