दिवाळी-नाताळच्या डब्यात चॉकलेटचा खाऊ : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त चॉकलेटचेच आहेत. खजूर, बदाम, संत्र्याची साल, चिक्की, काय काय बुडवताय तुम्ही! वाचून खूप बरं वाटलं, कारण घरी हाताने केलेला डबा कुणाच्या घरी जातो ना तेव्हा त्यात आपला अख्खा दिवस गेलेला असतो. सगळ्यांना आधी एकच सांगते, चॉकलेटचं सगळं हवेवर आहे. बाहेर गरम किती, हवेत ओल किती, डबा कुणाकडे जाणार आणि तो कधी उघडला जाणार हे आधी ठरवा, कुठलं चॉकलेट आणायचं ते त्यानंतर.

ताई, मागच्या दिवाळीत बदाम भरलेले खजूर डार्क चॉकलेटमध्ये बुडवून नणंदेकडे पाठवले होते. चार दिवसांनी तिचा फोन आला की वर पांढरं आलंय, बुरशी आहे वाटतं, आणि तिने सगळे फेकून दिले. मला इतकं वाईट वाटलं. खरंच बुरशी होती का? (एक वाचक, डोंबिवली)

नाही हो, चार दिवसांत चॉकलेटला बुरशी नाही येत. वाईट एवढ्याचंच वाटतं की चांगले खजूर गेले. त्याला ब्लूम म्हणतात आणि तो दोन प्रकारचा असतो. करड्या रेघा, ढगासारखे डाग आणि बोट फिरवलं की पुसल्यासारखे होतात तर ते कोको बटर, म्हणजे चॉकलेटमधलाच स्निग्धांश उष्णतेने वर आलाय. आणि बोटाला खरखरीत लागलं तर ती साखर. डबा फ्रिजमधून काढून तसाच उघडला की गार चॉकलेटवर लगेच दव धरतं, त्या पाण्यात वरची साखर विरघळते, पाणी उडून जातं आणि साखर पांढरी होऊन मागे राहते. दोन्ही खायला चालतात, चव थोडी उतरते इतकंच.

तुमच्याकडे ऑक्टोबर हीट आणि त्यात खाडीची दमट हवा, म्हणजे दोन्ही झालं असेल. यावर उपाय सांगते. डबा एअरटाइट घ्या, फ्रिजमध्ये ठेवायचाच असेल तर झाकण पक्कं लावून ठेवा आणि बाहेर काढल्यावर तासभर उघडूच नका, आतला खाऊ खोलीइतका झाला की मग उघडा. डब्यावर चिठ्ठी लावा, ‘बाहेर काढल्यावर एक तासाने उघडा’. मी प्रत्येक डब्यावर लावते.

कंपाउंड घ्यावं की खरं चॉकलेट? दुकानदार म्हणतो कंपाउंडच न्या, बहीण म्हणते कंपाउंड म्हणजे डालडा. (नाशिक)

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. खऱ्या चॉकलेटमध्ये (त्यातल्या जास्त कोको बटरवाल्याला कुव्हर्चर म्हणतात) स्निग्धांश कोको बटरचा असतो. ते आपल्या अंगाच्या उष्णतेच्या जरासं खाली, ३३-३४ अंशांना वितळतं, म्हणून तर जिभेवर ठेवलं की विरघळतं. कंपाउंडमध्ये त्याऐवजी वनस्पती तेलाचा फॅट असतो, ते उन्हाळ्यात तग धरतं, टेम्परिंग, म्हणजे ठरावीक अंशांवर आणून ढवळणं, लागत नाही, वितळवलं बुडवलं झालं, पण खाल्ल्यावर टाळूला जरा मेणचट लागतं. पाकिटामागे घटक वाचा, कोको बटर लिहिलंय की हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट, लगेच कळेल.

माझं मत विचाराल तर दिवाळीला मुंबई, कोकण, विदर्भात बाय हँड जाणाऱ्या डब्यांना चांगलं कंपाउंड वापरा, मुळीच कमीपणा नाही त्यात. नाताळला नाशिक-पुण्याची थंडी असते, तेव्हा कुव्हर्चर नक्की करून बघा, मजा त्यातच आहे.

कुव्हर्चर करताना दोन भाग चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवायचं, खाली उतरवायचं, बारीक चिरलेला तिसरा भाग थोडा थोडा घालून सतत ढवळत राहायचं, डार्क ३१-३२ वर आणि मिल्क २९-३० वर आलं की बुडवायला घ्यायचं. यालाच टेम्परिंग म्हणतात. कोको बटर वेगवेगळ्या प्रकारे गोठू शकतं, त्यातला एकच प्रकार चकाकतो आणि कट्कन मोडतो, आणि आपण घातलेले न वितळलेले तुकडे बाकीच्याला तो प्रकार धरायला लावतात. किचन थर्मामीटर नसेल तर खालच्या ओठाला थेंब लावा, किंचित गार लागला पाहिजे. मग सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा, पाच मिनिटांत चकाकी येऊन सुकलं तर तयार. ओलसर आणि मळकट राहिलं तर अजून ढवळा.

काकू, मी हॉस्टेलवरून घरी आल्यावर पहिल्यांदाच केलं. पातेल्यात पाणी उकळत ठेवून वर वाटी ठेवली, छान वितळत होतं आणि एकदम शिऱ्यासारखा गोळा झाला! दूध घातलं थोडंसं तर अजूनच घट्ट. पाव किलो गेलं. काय चुकलं? (कोल्हापूर)

अगं काही गेलं नाही, फेकलं नसशील तर. तुझ्या चॉकलेटमध्ये पाणी गेलं. चॉकलेटमध्ये साखर आणि कोकोचे अगदी बारीक कण फॅटमध्ये तरंगत असतात, पाण्याचा थेंब पडला की ते कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि गोळा होतो. खाली पाणी खळाखळा उकळत असेल तर वाफ वाटीच्या कडेने वर येऊन आतच पडते, चमचा ओला असला तरी तेच होतं. म्हणून पाणी नुसतं गरम हवं, गॅस बंद करून वर भांडं ठेवलं तरी चालतं, भांड्याचा तळ पाण्याला लागता कामा नये आणि भांडं पातेल्यापेक्षा मोठं घ्यायचं म्हणजे वाफ बाहेरच्या बाहेर जाते. मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या पॉवरवर ३० सेकंद, बाहेर काढून ढवळ, परत ३० सेकंद, थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांब, ते ढवळता ढवळता वितळतात.

गंमत अशी की थोड्या पाण्याने बिघडतं ते जास्त पाण्याने सुटतं. पाव किलोला चार मोठे चमचे कडकडीत गरम दूध किंवा क्रीम घालून घोटत राहा, मऊ सरसरीत होईल. ते बुडवायला नाही चालणार, सेट होत नाही, पण केकवर ओतायला, पोळीला लावायला मस्त. आणि रंग किंवा इसेन्स घालणार असशील तर तेलातलेच आण, पाण्यातला रंग घातलास की पुन्हा हेच.

नागपूरला आमच्याकडे संत्री भरपूर, साली नुसत्या फेकल्या जातात. चॉकलेट लावून काही करता येईल का? कडू होतात असं ऐकलंय. (नागपूर)

या प्रश्नाची मी वाटच बघत होते! फ्रान्समध्ये याला ओरांजेत म्हणतात आणि नाताळच्या डब्यात त्याचा मान मोठा. आपल्या संत्र्याची साल पातळ आणि सैल, माल्ट्यासारखी जाड नाही, म्हणून आतला पांढरा भाग खरवडत बसायची गरज नाही, फाटतेच ती.

संत्री आधी कोमट मिठाच्या पाण्यात चोळून धुवा. सालीचे अर्धा बोट रुंदीचे लांब काप करा. पाण्यात दहा मिनिटं उकळा, पाणी फेका, परत नवीन पाणी, असं तीनदा. पहिल्या पाण्याचा घोट घेऊन बघा एकदा, जीभ आखडते, आणि तिसऱ्या पाण्यात नुसता वास राहिलेला असतो, तिथे कडूपणा गेला समजायचं. मग एक वाटी सालीला दीड वाटी साखर, दीड वाटी पाणी, अगदी मंद आचेवर ४०-४५ मिनिटं. ढवळू नका सारखं, साखर दाणेदार होते. काप उजेडात धरले की काचेसारखे आरपार दिसायला लागतात, आणि पहिल्यांदा केलं तेव्हा मी खिडकीशी कितीतरी वेळ एक काप धरून उभी होते, इतका सुंदर केशरी रंग असतो तो. उरलेला पाक सरबताला ठेवा, फेकू नका.

आता घाई करायची नाही. जाळीवर पसरून पूर्ण दिवस, दमट हवा असेल तर दोन दिवस वाळवा. बोटाला चिकटायचं थांबलं की मगच अर्धा काप डार्क चॉकलेटमध्ये बुडवायचा, अर्धा केशरी तसाच ठेवायचा, कडेला भांड्यावर दोनदा आपटून जादा चॉकलेट निथळू द्यायचं, बटर पेपरवर ठेवायचं. ओला काप बुडवलात तर मघाच्या कोल्हापूरच्या मुलीसारखं होईल. डार्कच घ्या, मिल्कमध्ये फार गोड होतं. नीट वाळलेले काप घट्ट डब्यात दोन-तीन आठवडे छान राहतात.

बेसनाचे लाडू चॉकलेटमध्ये बुडवले तर? मुलांना आवडतील असं वाटतं. (सांगली)

लगेच खायला करा, डब्यात देऊ नका. लाडवातलं तूप हळूहळू चॉकलेटमध्ये उतरतं, वरचं कवच मऊ पडतं आणि डाग येतात. त्यापेक्षा चिक्की घ्या. शेंगदाण्याची चिक्की दमट हवेत चिकट होते, चॉकलेटचं कवच असलं की ओल आत जात नाही, कुरकुरीत राहते, आणि चव तर अशी जमते की मुलं डबा संपवल्याशिवाय उठत नाहीत. एकच लक्षात ठेवा, जे बुडवायचं ते फ्रिजमधलं गार नको, खोलीइतकं हवं. गार पदार्थ नंतर जरासा फुगतो आणि वरचं कवच तडकतं.

नाताळला शेजाऱ्यांकडे ताट पाठवतो, त्यात या वेळी स्ट्रॉबेरी चॉकलेटमध्ये बुडवून ठेवायची आहे. आदल्या आठवड्यात करून ठेवू का? (वसई)

आठवडाभर आधी अजिबात नको. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी डिसेंबरात यायला लागते, पण ती मुळातच पाण्याचं फळ, बुडवल्यावर एक दिवस राहते, मग कवचाखाली पाणी सुटतं. ताट पाठवायच्या दिवशी सकाळी करा. दोन तास आधी धुवून एकेक पुसा, हिरव्या पानांच्या बुडाशी थेंब लपलेला असतो तो कापडाच्या टोकाने टिपा. ताटात बाकी जे आधी करून ठेवता येतं, नेवऱ्या, दोदोल, नानकटाई, ते चालू राहू द्या आणि आदल्या आठवड्यात खजूर करून ठेवा. पन्नास खजुरांना साधारण ४०० ग्रॅम चॉकलेट पुरतं, त्यात थोडं भांड्याला लागून राहतंच.

आणि ताटात बदाम, काजू, शेंगदाणा घातलेलं काही असेल तर डब्यावर ते मोठ्या अक्षरात लिहा. शेजारच्या घरात एखाद्या लहान मुलाला त्याची अ‍ॅलर्जी असू शकते, आणि चॉकलेटखाली काय आहे ते बाहेरून दिसत नाही.